फुकटचा अखिलेश

मुलीने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि वर आपली पर्स ठेवली. आतला माणूस उठून बाहेर येईल, अशी काहीतरी तिला शंका असावी.

"आज सकाळी त्यानं लिहिलं, हिरवा सूट तुला शोभत नाही," ती म्हणाली. "अन् जी, मी तेव्हा घरातून निघालीबी नव्हती."

अंबादास ठोसरांनी तिच्या हिरव्या सूटकडे पाहिले, मग दाराकडे, मग खिडकीकडे. विजय नगरातली ती खिडकी पहिल्या मजल्यावर होती आणि तिला जाळी होती. तरी त्यांनी उठून कडी लावली. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर हा गृहस्थ हिंदी मुलखातल्या या शहरात सत्यवती दाणींच्या चौकशी कार्यालयात मदतनीस म्हणून बसू लागला होता. कामे साधी असत. मुलगा पितो का, मुलीचे वय खरे सांगितले का, पहिले लग्न कुठे लपवले आहे का. लग्नाआधी दोन्हीकडच्या लोकांना जे विचारायची लाज वाटते, ते दाणीबाई विचारून देत. अंबादासजींच्या जमेच्या बाजूला एक स्कूटर होती आणि एक प्रामाणिक चेहरा. नावेच्या बाजूला काय होते, ते त्यांनी आत्ताच कडी लावून दाखवले होते.

"पहिल्यापासून सांग," दाणीबाई म्हणाल्या. "नाव?"

"विनीता पिंपळखुटे. रांझीला राहतो आम्ही. बाबा फॅक्टरीतून रिटायर झाले, दादा तिथंच आहे."

विनीता पस्तिशीची, टाटियांच्या दवाखान्यात हिशेबाच्या कामावर. आई नाही. स्थळे येऊन येऊन थांबली. मग तिने गुपचूप इंटरनेटवर जोडीदार शोधायला सुरुवात केली.

"सगळे म्हणतात फ्री," ती म्हणाली. "आत गेलं का फोटो दिसतो, नाव अर्धं दिसतं. अन् कोणी आपल्याला चिठ्ठी लिहिली, तर ती वाचायची असंल तर कार्डाचा नंबर द्या. म्हणजे बोलावणं फ्री, दार उघडायचं नाही. असे किती धुंडाळले मी! मग एक सापडली. खरोखरची फ्री. बनवणाऱ्यानं काहून बनवली देव जाणे. ना जाहिरात, ना नंबर मागत, ना ओळखपत्र. नाव टाका, बोला."

"ही साइट कोणाला सांगितलीस?"

"कोणालेच नाही. मी तर डेटिंग साइटवर आहे, हे कळलं असतं तर बाबांनी अन्न सोडलं असतं."

त्या साइटवर तिला दोन माणसे भेटली. एक नीलकंठ, आमल्याला रेल्वेत, बायको वारलेला, फारसे न बोलणारा. दुसरा अखिलेश दुबे, सागरचा, भरपूर बोलणारा. अखिलेश रोज हिंदीत लिही, हसवी, तिच्या दिवसाची विचारपूस करी. फोटोत मात्र नेहमी पाठमोरा.

"मग?"

"मग नीलकंठनं सरळ विचारलं, घरी येऊ का. मी हो म्हटलं. घरी सांगितलं का दवाखान्यातल्या बाईनं सुचवलेलं स्थळ आहे. या रविवारी येणार आहे तो. अखिलेशले मी लिहिलं, आता आपण थांबू." तिने ओढणीचे टोक मुठीत धरले. "तेव्हापासून हे."

दाणीबाईंनी पर्स बाजूला करून फोन घेतला. अंबादासजी त्यांच्या खांद्यावरून वाचू लागले आणि वाचले नसते तर बरे, असे त्यांना लगेच वाटले. 'आज दवाखाने देर से पहुंची.' 'कल रात खिड़की खुली छोड़कर सोई थी.' 'सबको पता चलेगा तुम कहां से लड़के ढूंढती हो.' आणि आदल्या रात्रीचा, सर्वांत लांब:

'आज सावन का सोमवार है, सुबह से भूखा हूं. शंकरजी को मूंग चढ़ाकर कसम खाई है. इतवार को वो आया तो तुम्हारी एक-एक बात छापकर कॉलोनी के मंदिर पर चिपका दूंगा.'

"देवासमोर शपथ घेतली म्हणजे तो करणारच," अंबादासजी घोगऱ्या आवाजात म्हणाले. "बाई, हे पोलिसांचं काम आहे."

"पोलीस आधी हिच्या बाबांना विचारतील," दाणीबाई म्हणाल्या. "हा फोन नवा दिसतो?"

"दोन महिने झाले. जुन्याची काच फुटली होती. कमानिया गेटपाशी चौकसे भैयाकडून नीट करून घेतला, अन् घरीच दिला, वहिनीले. तिच्याजवळ फोनच नव्हता."

दाणीबाईंनी फोन परत दिला. "आज संध्याकाळी आम्ही तुमच्याकडे येतो. मुलाकडून चौकशीला आलो म्हणून. तू आम्हांला ओळखत नाहीस."

रांझीच्या त्या घरात पाऊल टाकताना अंबादासजींनी मागे वळून पाहिले. समोरच्या घराच्या गॅलरीत एक माणूस हातात फोन घेऊन उभा होता, आणि तो त्यांच्याकडेच बघत होता.

रामराव पिंपळखुटे मात्र चौकशीवाल्यांना पाहून खूश झाले. आपल्या घरी कोणी चौकशीला आले, म्हणजे मुलाकडचे लोक रीतीचे आहेत, असा त्यांचा हिशेब. कोपऱ्यात पाटावर देवीची पूजा मांडलेली होती. पत्रीचा ढीग, फुले, विझत आलेली निरांजने.

"मंगळागौर आहे जी आज," रामराव म्हणाले. "आमची सूनबाई अंजनी. पांढुर्ण्याची. काही चुकवत नाही पोरगी. लग्नाला दोन वर्षं झाली, पण सासूच्या माघारी सगळे सण सांभाळून राहिली."

सूनबाई पाण्याचे पेले घेऊन आली. विशीतली, अंगाने बारीक, नजर जमिनीवर. उजव्या हातात हिरव्या बांगड्या गच्च भरलेल्या. डाव्या हातात दोनच, आणि तो हात पदराखाली. पेले ठेवून ती आत गेली.

चंद्रशेखर, विनीताचा भाऊ, दारातून आला तो बूट काढायच्या आत बोलायला लागला. "काय विचाराचं ते विचारा अन् होऊ द्या लवकर. माझ्याकडून ना नाही."

"बहीण गेल्यावर घर सुनं नाही होणार?" दाणीबाईंनी गोड विचारले.

"सुनं काहून? शांत होईल! या घरात हिचंच चालते. मी माझ्या बायकोशी काय बोलतो, त्यातही ही मधात. गेली म्हणजे बरं." मग आतल्या दिशेला, एकदम वरच्या पट्टीत, "चहा आणून राहिली का चहाचं झाड लावून राहिली?"

आत स्टीलचे काहीतरी पडले आणि बराच वेळ फिरत राहिले. चंद्रशेखरला बाहेरून कोणी हाक मारली, तो अंगणात गेला.

तेवढ्यात विनीताचा फोन थरथरला. तिने पाहिले आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. रामराव पूजेकडे वळले होते. तिने फोन हळूच दाणीबाईंच्या पुढे सरकवला.

'मेहमानों को चाय पिलाओ. फिर कह दो, इतवार को कोई न आए.'

अंबादासजी चटकन उठले. त्यांनी खिडकीतून पाहिले. समोरच्या गॅलरीतला माणूस फोनवर अंगठा चालवत होता.

चहा आला. अंबादासजींनी कप तसाच ठेवला. दाणीबाईंनी मात्र बशीत ओतून सावकाश संपवला आणि त्या सरळ समोरच्या घरी गेल्या. मागोमाग जाण्यावाचून अंबादासजींना इलाज नव्हता.

गॅलरीतल्या माणसाचे नाव शशिकांत घाटे. मुलांना गणित शिकवायचा, एकटाच राहायचा. मुलाकडची चौकशी म्हटल्यावर तो कडवट हसला.

"आम्हीबी एकदा मागणी घातली होती. नाही म्हटलं तिनं. मुलगी चांगली आहे, लिहून घ्या."

"तुम्ही नेहमी गॅलरीत असता?"

"आतमध्ये नेटवर्क नाही मिळत, आंटीजी. मी कोणाकडे पाहून नाही राहिलो." त्याचे कान मात्र लाल झाले. "पण दिसते सगळं. अन् ऐकूबी येते. रात्री त्या घरात भांडी पडतात. मग विनीता ओरडते, मग शांत."

"मांजरं असतील," अंबादासजी म्हणाले.

शशिकांत त्यांच्याकडे बघत राहिला. "बसा ना. चहा ठेवतो. काल सोमवारचा उपास झाला, आज डोकं जड आहे जरा."

जिन्यात अंबादासजींनी दाणीबाईंना गाठले. "बाई! सोमवारचा उपास! समोरची खिडकी, नकार पचलेला नाही, हातात फोन. अजून काय पाहिजे?"

"अजून एक दुकान पाहिजे," दाणीबाई म्हणाल्या. "स्कूटर काढा."

मंगळवारी चौकसेचे दुकान बंद असते, म्हणून ती फेरी बुधवारवर गेली. कमानिया गेटच्या गर्दीत एका बोळाच्या तोंडाशी तो बसला होता, उघड्या फोनांच्या पसाऱ्यात, आणि मांडीवर डबा. डब्यात कोंबडीचा रस्सा होता.

"माफ करना दीदी, हाथ जूठे हैं," तो म्हणाला. "सावन भर छुआ नहीं था. राखी को सावन निपटा, तब से कसर निकाल रहे हैं."

विनीताचा फोन त्याला आठवत होता. "हां, टाटिया साहब के अस्पताल वाली दीदी. कांच बदला था. चालू करके देखा तो कोई शादी-वादी वाली साइट खुली पड़ी थी, पासवर्ड समेत. हमने कहा दीदी, ये सब हटवा लो, फोन किसी और को देना है तो. बोलीं, घर में ही तो दे रहे हैं."

"आपने पढ़ा कुछ?"

"अरे राम राम. हमारी घरवाली को पता चले तो इसी दुकान में सुला दे." पण तो जरा जास्तच वेळ हसला, आणि अंबादासजींनी त्याचेही नाव संशयितांत टाकून दिले. आता त्यांच्याकडे दोन गुन्हेगार होते आणि एकाचीच गरज होती.

परतताना विनीताचा फोन आला. आवाज फुटत होता. "बाई, त्यानं लिहिलं का शुक्रवारी पहिला कागद लागेल. मी नीलकंठले नाही म्हणून देते. माझ्याच्यानं नाही होत आता."

"उद्या संध्याकाळपर्यंत काही म्हणू नको," दाणीबाई म्हणाल्या. "उद्या ये. अन् वहिनीला घेऊन ये. घरी सांग, पोळ्याची खरेदी आहे."

"वहिनीले काहून?"

"मुलाकडच्यांना घरच्या सुनेशी बोलायचं असते. रीत आहे."

गुरुवारी चौघे दाणीबाईंच्या लहानशा कार्यालयात बसले. अंबादासजींनी दाराला आतून कडी लावली आणि स्वतः दाराला पाठ टेकून उभे राहिले. शशिकांत आला तर काय करायचे, हे त्यांनी ठरवले नव्हते. चौकसे आला तर पळायचे, असे मात्र ठरले होते.

"कोणी येणार नाही अंबादासजी. बसा," दाणीबाई म्हणाल्या. "विनीता, तुला कोणी घाबरवलं, ते आता सांगते. आधी मला काय दिसलं ते ऐक.

"ती साइट. तूच म्हणालीस, धुंडाळून धुंडाळून सापडली, कोणाला माहीत नाही. मग तुझ्यावर इतकी नजर असलेला माणूस नेमका तिथंच कसा आला? योगायोगानं नाही. त्यानं ती तुझ्या जुन्या फोनवर उघडी पाहिली. पैसे लागत नाहीत, नंबर लागत नाही, म्हणून त्याला एका मिनिटात अखिलेश होता आलं. तू फुकटची साइट शोधलीस, त्याला फुकटचं नाव मिळालं. म्हणजे तो फोन ज्याच्या हातात गेला, तोच. शशिकांतच्या हातात तो कधी गेला नाही. चंद्रशेखरला तर तुझं लग्न उद्याच झालं तरी पाहिजे."

"मग चौकसे!" अंबादासजी म्हणाले. "मी म्हटलंच होतं."

"तुम्ही सगळ्यांनाच म्हटलं होतं. आता सोमवारचा निरोप आठवा. 'आज सावन का सोमवार है.' राखी तर गेल्या आठवड्यातच झाली."

अंबादासजींच्याही घरी श्रावण चालू होता, म्हणून त्यात काय खटकायचे ते त्यांना कळेना.

"इथल्या हिंदी लोकांचा महिना पुनवेला संपतो," दाणीबाई म्हणाल्या. "राखी झाली का त्यांचा सावन संपला. चौकसेनं तर डबा उघडून दाखवला. आपला श्रावण अवसेपर्यंत चालतो, पोळ्यापर्यंत. सागरचा दुबे राखीनंतर सावनचा सोमवार धरील? घरात मराठी पंचांग असलेल्या माणसानं हिंदीत लिहिलं, पण उपास आपलाच धरला. आयुष्यभर या गावात राहूनही आपल्या हे ध्यानात येत नाही, कारण आपला सोमवार आपल्याला खराच वाटतो."

"तर मग शशिकांतच की! त्याचा उपास होता!"

"आणि मूग?"

विनीताने हळूहळू वहिनीकडे मान वळवली.

"देवाला बेल वाहतात, पाणी घालतात," दाणीबाई म्हणाल्या. "मूठभर धान्य कोण वाहते? लग्नाला अजून पाच वर्षं पुरी व्हायची आहेत, अशी सून. पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्या सोमवारी तीळ, तिसऱ्या सोमवारी मूग. शिवामूठ. हा तिसरा होता. शशिकांतचं लग्न झालेलं नाही, अन् झालं असतं तरी पुरुष शिवामूठ वाहत नाही. त्या रात्री जी शपथ लिहिली, ती खरी होती. देवापुढून उठलेल्या बाईनं लिहिली होती. अन् मंगळवारी आम्ही बसलो असताना निरोप आला, तेव्हा घरात नजरेआड एकच जण होती, अन् ती चहा करत होती."

अंजनीच्या मांडीवरचा फोन खाली घसरला. कोणी उचलला नाही.

"तू?" विनीता म्हणाली. आवाज इतका बारीक होता की अंबादासजींना तो तिचा वाटलाच नाही. मग तो एकदम चढला. "तू, वहिनी? माझ्या ताटाला ताट लावून बसत होती अन् टेबलाखालून मला हे लिहीत होती? मी रात्र-रात्र झोपली नाही! खिडकीले खुर्ची लावून बसली! तुले माहीत होतं, तू बाजूच्या खोलीत होती!"

"मीबी झोपली नाही ताई," अंजनी म्हणाली. "दोन वर्षं."

दाणीबाईंनी पुढे वाकून तिचा डावा हात पदराबाहेर घेतला. अंजनीने ओढून पाहिला, मग सोडून दिला. दोन बांगड्यांच्या खाली मनगट काळेनिळे होते, आणि काचेचे बारीक ओरखडे वर कोपरापर्यंत.

"श्रावणात, मंगळागौरीच्या दिवशी, नवी सून एक हात उघडा ठेवत नाही," दाणीबाई विनीताला म्हणाल्या. "बांगड्या फुटल्या होत्या. शशिकांतनं ऐकलेली भांडी मांजरांनी पाडलेली नव्हती, अंबादासजी."

अंबादासजींनी खाली पाहिले.

"पहिले मी गंमतच केली होती," अंजनी बोलू लागली, कोणाकडेच न बघता. "तुमच्या फोनमधी ती साइट दिसली. ताई एकट्या बसतात, म्हटलं हसवू. तुम्ही खरंच हसत होत्या. मलाबी बोलायले कोणी नव्हतं. इथं सगळं हिंदी, अन् घरात ते. मग तुम्ही सांगितलं, रविवारी येणार. ताई, तुम्ही मधात येता म्हणून त्यांचा हात थांबते. तुम्ही गेल्या म्हणजे?" तिने डावा हात पुन्हा पदराखाली घेतला. "मले दुसरं काही सुचलं नाही. तुम्ही घाबराव्या, एवढंच पाहिजे होतं. घाबरलेला माणूस घर सोडत नाही. मी सोडते का?"

विनीता उठली. अंबादासजींना वाटले, आता ही मारणार. ती खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. मग तिने आपला फोन काढला आणि स्पीकरवर टाकला.

"नीलकंठजी, मी विनीता. रविवारी यायच्या आधी दोन गोष्टी ऐका. आपण फुकटच्या साइटवर भेटलो, हे मी घरी सांगणार आहे. तुम्ही तुमच्या घरी सांगा."

"आईला सांगून झालं," पलीकडून संथ आवाज आला. "पहिल्याच आठवड्यात. ती म्हणाली, पैसे नाही ना घेत कोणी, मग ठीक."

अंबादासजींना हसू आले. ते त्यांनी लगेच गिळले.

"दुसरी गोष्ट," विनीता म्हणाली. "माझ्या वहिनीले सोडून मी त्या घरातून नाही निघणार. दादा तिला मारते. मला माहीत होतं. मी मधात पडत होती अन् मला वाटत होतं, तेवढं पुरते."

फोनमधून आमल्याच्या स्टेशनवरची कसलीशी घोषणा ऐकू आली.

"वहिनींचं माहेर कुठे?"

"पांढुर्णा."

"आमल्याच्या पुढेच की. सामान किती आहे त्यांचं?"

अंजनीने तोंडावर पदर घेतला. विनीता काही बोलणार, एवढ्यात जमिनीवर पडलेला दुसरा फोन वाजू लागला. काच बदललेला, जुना. त्यावर चंद्रशेखरचे नाव होते. फोन फरशीवर गोल फिरत होता, आणि खोलीतली चारही माणसे त्याच्याकडे बघत होती. अंजनी भिंतीला इतकी चिकटली की मागचे कॅलेंडर वाकडे झाले.

फोन वाजून थांबला. लगेच पुन्हा सुरू झाला.

विनीताने तो उचलला. दोन्ही हातांनी धरला.

"दादा," ती म्हणाली, "वहिनी माझ्यापाशी आहे. नाही, आज नाही येत ती. उद्याबी नाही." पलीकडून ओरडण्याचा आवाज साऱ्या खोलीत ऐकू आला. विनीता डोळे मिटून उभी राहिली आणि त्याला पूर्ण ओरडू दिले. "झालं तुझं? आता ऐक. मी सगळं बाबांना सांगायले येऊन राहिली. तुझ्यासमोर."

अंबादासजींनी दाराची कडी काढली आणि स्कूटरची किल्ली खिशातून बाहेर घेतली. रांझीला या मुलीला एकटीला जाऊ देणे बरोबर दिसले नसते. दाणीबाईंनी अंजनीला आपल्याजवळ बसवून घेतले.

"चला," ते म्हणाले. "मी येतो बरोबर."